लहान एसयूव्हीला हिच आणि सायकल-रॅक बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंतच्या पट्ट्यात राहणारी आम्ही काही मराठी घरे उन्हाळ्यातले बरेचसे शनिवार-रविवार डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याच्या काठी सायकली चालवण्यात घालवतो. ही वाट सुमारे ७० मैलांची आहे, सपाट आहे आणि लहान मुलांनाही झेपते. पण तिथपर्यंत चार सायकली न्यायच्या तर गाडीच्या मागे रॅक हवा आणि रॅकसाठी आधी हिच, म्हणजे मागच्या बंपरखाली बसणारा पोलादी दांडा, हवी. नव्याने आलेले कोणी ना कोणी दर वसंतात तेच प्रश्न विचारते, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. प्रत्येक गाडीची रचना वेगळी असते. म्हणून येथील माहिती आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेला आणि हिचसोबत येणाऱ्या कागदाला पूरक समजावी, पर्याय समजू नये.

पट्ट्यांनी बांधायचा रॅक स्वस्तात मिळत असताना हिचचा खर्च कशासाठी करावा?

वर्षातून दोन-तीनदाच सायकली न्यायच्या असतील, तर पट्ट्यांचा रॅक पुरेसा आहे आणि हिचच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही. त्याची अडचण अशी की त्याचे आकडे मागच्या दाराच्या पत्र्याच्या कडेत अडकवावे लागतात आणि सगळा भार त्या पत्र्यावर व बिजागऱ्यांवर येतो. अनेक लहान एसयूव्हींच्या मागच्या दाराला वर स्पॉयलर असतो किंवा कड प्लास्टिकची असते, आणि अशा ठिकाणी आकडा धरतच नाही. शिवाय पट्टीखाली अडकलेली धूळ दोन तासांच्या प्रवासात रंगावर बारीक चरे पाडते. छतावरच्या रॅकसाठी सायकल खांद्याच्या वर उचलावी लागते, जे ई-बाइकच्या बाबतीत बहुतेकांना जमत नाही. हिच मात्र थेट गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, बोल्टने जखडलेली असते. सायकल कमरेच्या उंचीवर ठेवली जाते आणि पत्र्याला कशाचाही स्पर्श होत नाही.

सव्वा इंच आणि दोन इंच म्हणजे काय? कोणते घ्यावे?

हिच म्हणजे मागच्या बंपरखाली आडवा बसणारा पोलादी दांडा. त्याच्या मध्यभागी जी चौकोनी नळी असते तिला रिसीव्हर म्हणतात, आणि रॅकचा दांडा तिच्यात सरकवून आरपार पिन घातली जाते. सव्वा इंच किंवा दोन इंच हे या चौकोनी तोंडाचे आतले माप असते. सव्वा इंचाच्या रिसीव्हरची पिन अर्ध्या इंचाची असते आणि दोन इंचांच्या रिसीव्हरची पाच-अष्टमांश इंचाची, त्यामुळे एकाची पिन दुसऱ्याला चालत नाही.

आपल्या गाडीसाठी दोन इंचांचा रिसीव्हर मिळत असेल तर तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीची क्षमता त्याने वाढत नाही, हे नीट लक्षात ठेवावे. पण रॅकची निवड खूप वाढते, दांडा कमी डुगडुगतो आणि पुढे गाडी बदलली तरी रॅक वापरता येण्याची शक्यता जास्त असते. सव्वा इंचाच्या रिसीव्हरला जोडनळी लावून दोन इंचांचा रॅक घालणे मला पसंत नाही, कारण जोडनळीमुळे रॅक आणखी काही इंच मागे जातो आणि त्या थोड्याशा अंतराने हिचवर येणारा ताण बराच वाढतो. तो का वाढतो, हे पुढच्या उत्तरात आले आहे.

हिचवर किती वजन चालते? डब्यावर २०० पौंड लिहिले आहे, म्हणजे चार सायकली चालतील ना?

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हे उत्तर सावकाश वाचावे.

हिचच्या लेबलवर दोन आकडे असतात. एक आकडा ओढायच्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा असतो आणि दुसरा टंग वेटचा, म्हणजे हिचवर सरळ खाली येणाऱ्या भाराचा. रॅकसाठी पहिल्या आकड्याचा काही उपयोग नाही. पहिल्या, म्हणजे सर्वांत हलक्या वर्गाच्या हिचवर साधारणपणे २,००० पौंड आणि २०० पौंड असे आकडे दिसतात. त्यातले २,००० वाचून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत. आपल्या कामाचा आकडा २०० आहे, आणि तोही शेवटचा नव्हे. गाडीच्या कंपनीने गाडीसाठी दिलेली टंग वेटची मर्यादा, हिचच्या लेबलवरची मर्यादा आणि रॅक बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा, या तिघांत जी सर्वांत कमी असेल तीच खरी मर्यादा. काही हिच बनवणारे सायकल-रॅकसाठी वेगळा, आणखी कमी आकडा देतात. तो बारीक अक्षरांत असला तरी शोधून वाचावा.

प्रत्यक्ष हिशेब असा होतो. सुबारू क्रॉसट्रेकच्या नेहमीच्या पेट्रोल मॉडेलला अमेरिकेत १,५०० पौंड ओढण्याची आणि १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो, टंग वेटची मर्यादा दिली गेली. तिला दुकानातून ३५० पौंड टंग वेटची हिच आणून लावली तरी मर्यादा १५० पौंडच राहते. आता दोन सायकलींचा चांगला प्लॅटफॉर्म रॅक (ज्यात चाके खाचेत उभी राहतात) स्वतःच ५० पौंडांचा असतो, आणि हे वजन हिशेबात धरायचे बहुतेक जण विसरतात. त्यावर ३० पौंडांच्या दोन साध्या सायकली ठेवल्या तर बेरीज ११० होते, म्हणजे हाताशी ४० पौंड शिल्लक राहतात. त्याच रॅकवर ५५ पौंडांच्या दोन ई-बाइक ठेवल्या तर बेरीज १६० होते आणि मर्यादा ओलांडली जाते. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या तर प्रत्येकी सात-आठ पौंड कमी होऊन बेरीज १४५ च्या आसपास येते. कागदावर हे बसते, पण खड्ड्यांसाठी काहीच उरत नाही. चार सायकलींचा रॅक अशा गाडीला लावू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो, मग सायकली लहान मुलांच्या का असेनात.

दुसरा मुद्दा अंतराचा आहे. भरलेली कळशी कमरेवर घेणे आणि तीच कळशी हात लांब करून धरणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. पिनेपासून १५ इंचांवर ठेवलेली ६० पौंडांची सायकल हिचवर जेवढा पीळ आणते, त्यापेक्षा ३० इंचांवर ठेवलेली ३५ पौंडांची सायकल जास्त आणते. ६० गुणिले १५ म्हणजे ९०० आणि ३५ गुणिले ३० म्हणजे १,०५०. म्हणून सर्वांत जड सायकल नेहमी गाडीच्या अंगाला आणि हलकी सायकल बाहेरच्या खाचेत ठेवावी. रस्त्यावरचा खड्डा हाच पीळ क्षणभरासाठी कितीतरी वाढवतो, आणि हिवाळा सरल्यावर न्यू जर्सीतले रस्ते कसे होतात हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

माझ्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असे लिहिले आहे. तरी हिच लावता येईल का?

अशा काही गाड्यांसाठी केवळ रॅकपुरती वापरायची हिच बाजारात मिळते, आणि अनेक लोक ती सुरक्षितपणे वापरतात. मात्र अशा वेळी गाडीच्या कंपनीचा टंग वेटचा आकडाच हाती नसतो. त्यामुळे हिच बनवणाऱ्याने नेमक्या त्याच मॉडेलसाठी आणि त्याच वर्षासाठी रॅक चालेल असे स्पष्ट लिहिले असेल तरच ती घ्यावी, एक किंवा दोन हलक्या सायकलींवर थांबावे आणि ट्रेलरचा विचारही करू नये.

हिच घरी बसवता येते का?

येते. बहुतेक लहान एसयूव्हींमध्ये चासीच्या मागच्या भागात बोल्टसाठी भोके आधीपासून असतात, त्यामुळे वेल्डिंग करावे लागत नाही. दोन माणसे, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळण्याचा पाना), सॉकेटचा संच आणि तीन-चार तासांची फुरसत असावी. एकट्याने हे काम करू नये. हिचचे वजन ३० ते ४५ पौंड असते आणि उताणे झोपून एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने बोल्ट लावणे धोक्याचे आहे. गाडी उचलावी लागली तर ती केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. सपाट जागेवर, पुढच्या चाकांना अडणी लावून, जॅक स्टँडवर भार टाकूनच खाली शिरावे.

काम सुरू करण्याआधी कागदातले दोन शब्द शोधावेत. एक म्हणजे बंपरची प्लास्टिकची कड कापावी लागते का, आणि दुसरा म्हणजे सायलेन्सर खाली घ्यावा लागतो का. कड कापायची असेल तर चिकटपट्टी लावून त्यावर रेघ मारावी आणि सांगितल्यापेक्षा थोडे कमीच कापावे, कारण उरलेले नंतर कापता येते. सायलेन्सर रबरी कड्यांत लोंबकळत असतो. त्या कड्या वर्षानुवर्षे उन्हापावसात राहून दांडीला चिकटून बसलेल्या असतात. साबणाचे पाणी फवारले की त्या सुटतात. तेल लावू नये, कारण त्याने रबर फुगते. कड्या काढण्याआधी सायलेन्सरखाली पट्टा किंवा ठोकळा द्यावा, नाहीतर त्याचा सगळा भार पुढच्या जोडावर येतो.

ज्या गाड्यांत चासीच्या पेटीत, म्हणजे पोकळ दांड्यात, आधीपासून जोडलेले नट नसतात, तेथे बोल्ट आतून बाहेर आणावा लागतो आणि त्यासाठी हिचसोबत एक लवचीक तार दिलेली असते. तारेच्या एका टोकाला स्प्रिंगसारखे वेटोळे असते. तारेचे वेटोळ्याचे टोक बोल्टच्या भोकातून आत घालून बाजूच्या मोठ्या भोकातून बाहेर काढायचे, त्या तारेवर आधी पोलादी चौकोनी वॉशर ओवायचा, मग वेटोळ्यात बोल्टचे टोक फिरवून बसवायचे आणि दोन्ही पेटीत ढकलून तार हळूहळू ओढायची, की बोल्टचे टोक भोकातून अलगद बाहेर डोकावते. वॉशर ओवायचा राहिला तर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. तार काढल्यावर बोल्टला बोटाने आत ढकलू नये. तो पेटीत पडला की बाहेर काढायला लांब चुंबक लागतो.

हिच जागेवर धरल्यावर सगळे बोल्ट आधी हातानेच लावावेत. एकही बोल्ट पूर्ण आवळण्याआधी सर्व बोल्ट पाच-सहा फेरे सहज फिरले पाहिजेत. मग हिच दोन्ही बाजूंनी मध्यावर आहे का हे टेपने मोजावे आणि त्यानंतरच टॉर्क पाना घ्यावा. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी बऱ्याच हिचच्या कागदावर ७५ ते ९० फूट-पौंड, म्हणजे सुमारे १०० ते १२० न्यूटन-मीटर असा आकडा असतो; आपल्या कागदावरचा आकडाच पाळावा. अंदाजाने आवळलेला बोल्ट एकतर ढिला राहतो किंवा ताणला जातो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या ५० मैलांनंतर टॉर्क पाना पुन्हा एकदा लावून पाहावा.

बोल्ट दोन फेऱ्यांनंतर अडतो. जोर लावू का?

लावू नये. मी पहिल्यांदा हिच बसवली तेव्हा नेमकी हीच चूक केली. डावीकडचा पुढचा बोल्ट दोन फेरे गेला आणि अडला. मला वाटले थोडा गंज असेल, म्हणून मी लांब पाना लावून तो ढकलला. तो वाकडा चढला होता. बाहेर काढला तेव्हा आट्यांच्या खाचांत चांदीसारखी चमकणारी पोलादाची बारीक तार गुंडाळून आली होती, आणि ती तार म्हणजे चासीतल्या नटाचे आटे होते. नंतर एका गॅरेजमध्ये नटाला नव्याने आटे पाडून घ्यावे लागले.

चासीतले हे नट कारखान्यापासून उघडे असतात आणि त्यांत चिखल, मीठ आणि कधीकधी रंगही साचलेला असतो. आदल्या रात्री त्यांत गंज सोडवणारे द्रव्य फवारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी नळीच्या आकाराचा तारेचा बारीक ब्रश फिरवून आटे साफ करावेत, पुसून कोरडे करावेत आणि हिच वर उचलण्याआधीच प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी आत जातो आहे का हे पाहावे. या कामाला अर्धा तास लागतो. बोल्टना स्वतःहून ग्रीस लावू नये. कागदात तसे सांगितले नसेल तर ग्रीसमुळे तोच टॉर्क बोल्टला नको इतका ताणतो.

बाहेरची हिच लावल्याने वॉरंटी जाते का?

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याप्रमाणे, केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही; त्या भागामुळेच बिघाड झाला हे दिसावे लागते. लीजवरच्या गाडीचे मात्र वेगळे आहे. तेथे गाडी आपली नसते, म्हणून बंपर कापण्याआधी करार वाचावा आणि परवानगी लेखी घ्यावी.

टांगायचा रॅक घ्यावा की प्लॅटफॉर्मचा?

टांगायच्या रॅकमध्ये सायकल वरच्या दांडीने लटकते. हा रॅक हलका असतो आणि वजनाच्या हिशेबात ती मोठी सोय आहे. पण साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून चालवता येते अशा खाली वाकलेल्या दांडीच्या सायकलीला, तसेच मुलांच्या छोट्या सायकलींना, आडवी जोडदांडी लावावी लागते, आणि प्रवासात सायकली एकमेकींवर घासतात. प्लॅटफॉर्म रॅकमध्ये चाके खाचेत उभी राहतात. कार्बनची फ्रेम असेल तर फ्रेमला न धरता फक्त टायरला धरणारा प्लॅटफॉर्मच घ्यावा, कारण कार्बन लांबीच्या दिशेने भक्कम असला तरी चिमट्यातला दाब त्याला सोसत नाही. ई-बाइकसाठी प्रत्येक खाचेची वेगळी मर्यादा पाहावी, आणि २० इंची चाकांची सायकल बसते का हे घेण्याआधी विचारावे.

रॅक डुगडुगतो. हे धोक्याचे आहे का?

रिसीव्हरच्या नळीत दांडा सरकावा म्हणून थोडी सैल जागा ठेवलेलीच असते. पिनेजवळची मिलिमीटरभर ढिलाई शेवटच्या सायकलीच्या चाकाशी कितीतरी मोठी दिसते. चांगल्या रॅकला दांडा नळीच्या भिंतीशी दाबून धरणारा बोल्ट किंवा पाचर असते. तो बोल्ट आवळताना दुसऱ्या हाताने रॅकचे टोक वर-खाली हलवत राहावे, म्हणजे दांडा नीट बसतो. सायकली काढून ठेवल्यावर रॅक हलवला आणि त्यासोबत पूर्ण गाडी हलली तर सगळे ठीक आहे. रॅक हलतो पण गाडी स्थिर राहते असे दिसले तर ढिलाई शोधावी. ढिलाई रिसीव्हरमध्ये नसून हिच आणि चासीच्या जोडात असेल तर त्या दिवशी सायकली घरीच ठेवाव्यात.

सायलेन्सरच्या धुराने सायकलीचे नुकसान होते का?

होते, आणि याविषयी फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मुलीच्या सायकलीचे मागचे चाक धुराच्या नळीच्या नेमके मागे आले होते. दीड तासाच्या प्रवासानंतर सायकल उतरवली तेव्हा टायरवर तळहाताएवढा भाग गुळगुळीत झाला होता, तिथली नक्षी बसली होती आणि बोटाने दाबल्यावर रबर चिकट लागत होते. टायर बदलावा लागला. कार्बनची रिम असती तर ती कायमची निकामी होऊ शकली असती. पहिल्यांदा सायकली चढवल्यावर गाडी दहा मिनिटे चालू ठेवून, मोकळ्या हवेत, नळीच्या रेषेत चाकाजवळ हात धरून पाहावा. हाताला सोसत नसेल तर सायकलीचे तोंड फिरवावे, रॅकवरची जागा बदलावी किंवा नळीचे तोंड खाली वळवणारी टोपी लावावी.

नंबर प्लेट आणि मागचा कॅमेरा झाकला जातो. चालते का?

न्यू जर्सीच्या कायद्यातले कलम ३९:३-३३ नंबर प्लेटविषयी आहे, आणि इतर राज्यांतही प्लेट स्पष्ट दिसावी अशीच अपेक्षा असते. सायकली नसताना रॅक उभा दुमडून ठेवला तर तो नेमका प्लेटसमोर येतो; म्हणून वापर नसेल तेव्हा तो काढून ठेवणे उत्तम. टर्नपाइकवर टोलसाठीचा ई-झेडपासचा टॅग वाचला गेला नाही तर कॅमेरा प्लेटचाच फोटो घेतो. मागचे दिवे आणि सिग्नल झाकले जात नाहीत ना, हे दुसऱ्या माणसाला गाडीमागे उभे करून तपासावे.

मागचे सेन्सर रॅकलाच अडथळा समजतात आणि सतत वाजत राहतात. ज्या गाड्यांना मागे जाताना आपोआप ब्रेक लागतो, त्या रिव्हर्समध्ये अचानक थांबू शकतात. ही सोय तात्पुरती बंद करता येते. अनेक गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केले की ती आपोआप चालू होते, म्हणून प्रत्येक वेळी पाहावे. गाडी आता तीन फुटांनी लांब झाली आहे हे रिव्हर्स घेताना स्वतःलाच सांगत राहावे लागते.

निघण्याआधी काय पाहावे?

पिन आणि तिची क्लिप, आवळायचा बोल्ट, प्रत्येक चाकाचा पट्टा. बाटल्या, पिशव्या, मुलाचे आसन आणि बॅटरी गाडीत ठेवावी. सायकलींवर ताडपत्री किंवा कव्हर घालू नये. महामार्गाच्या वेगाला ते शिडासारखे फुगते आणि रॅकवर न मोजलेला भार टाकते. पहिल्या दहा मैलांनंतर थांबून सगळे पुन्हा हाताने हलवून पाहावे. उंच ड्राइव्हवेवरून उतरताना रॅकचे टोक जमिनीला लागते, तेथे गाडी तिरकी घ्यावी.

पुण्यातल्या भावाच्या गाडीला अशीच हिच लावता येईल का?

हा प्रश्न मला दर दिवाळीच्या सुट्टीत फोनवर येतो. भारतातल्या लहान एसयूव्हींना रिसीव्हर कंपनीकडून येत नाही. तेथे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. याच कलमाचा आधार घेऊन डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने बुल बारवर बंदी आणली. म्हणून स्थानिक वर्कशॉपमधून वेल्डिंग करून हिच बनवून घेऊ नये. परवानगीविषयी आधी आरटीओत विचारावे. बंपरमधल्या छोट्या झाकणामागे जो टो हुक फिरवून बसवता येतो, तो बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी असतो, त्याला रॅक लटकवू नये. ज्या गाडीची स्टेपनी मागच्या दारावर बाहेर असते तिला स्टेपनीवर बसणारा रॅक चालतो. बाकीच्यांनी छताचे बार किंवा पट्ट्यांचा रॅक वापरावा, आणि नंबर प्लेट मोकळी ठेवावी.

हिवाळ्यात रॅक तसाच ठेवला तर?

रस्त्यावर टाकलेले मीठ रिसीव्हरच्या नळीत साचते आणि मार्चपर्यंत दांडा आत असा बसतो की हातोडीशिवाय निघत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास रॅक काढावा, नळी आतून पुसून तिला पातळ ग्रीस लावावे, तोंडाला रबरी बूच घालावे आणि पिन व क्लिप गाडीतच, डिकीतल्या कप्प्यात ठेवावी.